साताऱ्याच्या गच्चीवरनं आकाश: खगोलाची आवड ऑनलाईन लोकांपर्यंत पोचवायची कशी, पहिल्यापासून सगळं

मला सगळ्यात जास्त वेळा येणारा मेसेज म्हणजे "दादा, मलापण आकाशाची आवड आहे, व्हिडिओ टाकायचेत, पण टेलिस्कोप नाही, कॅमेरापण नाही, सुरुवात कुठनं करू?" इतके दिवस प्रत्येकाला वेगवेगळं टाईप करून सांगत होतो, मग म्हणलं एकदाच बसून सगळं नीट लिहून काढावं. मी साताऱ्यात राहतो त्यामुळं उदाहरणं सगळी इकडचीच येणार, पण तुम्ही सांगलीत असा, विट्यात असा नाहीतर वाईत, गावाचं नाव बदललं तरी पद्धत तीच.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हबल आणि जेम्स वेब या अंतराळातल्या दुर्बिणींचे फोटो जगात सगळ्यांकडं आहेत, ते तुम्ही परत टाकले म्हणून कुणाचं काही अडत नाही. पण कोरेगावातल्या एखाद्या मावशीला आज रात्री साडेआठला तिच्या अंगणातनं पूर्वेला जे ठळक दिसतंय ते नक्की काय आहे, हे तिला कुणीच सांगत नाही. ते आपण सांगायचं. म्हणून मी व्ह्यू बघायच्या आधी कमेंटमध्ये एकच शोधतो, किती जणांनी लिहिलंय "आत्ता गच्चीवर जाऊन आलो, दिसला". माझ्या दृष्टीनं तेवढाच हिशोब खरा.

आधी महिनाभर स्वतः बघा, काही टाकू नका

खरंच सांगतोय, पहिला महिना अकाउंट काढूच नका. रोज रात्री एकाच जागेवर, एकाच वेळी जाऊन उभं राहायचं, निदान अर्धा-पाऊण तास. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, त्यात एकदा जरी फोनची पांढरी स्क्रीन बघितली की परत पहिल्यापासून, त्यामुळं टॉर्चवर लाल जिलेटीनचा कागद रबरबँडनं बांधून टाका. फोनमध्ये स्टेलॅरियम घ्या, फुकट आहे, पण आधी आकाश बघा आणि मग ॲप उघडून ताडून बघा, उलटं केलं की काही लक्षात राहत नाही.

दिशा आणि उंची मोजायला काही लागत नाही. हात पुरता लांब करून मूठ धरली की आकाशात ती साधारण १० अंश व्यापते. सातारा साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे ध्रुव तारा आपल्याला उत्तर क्षितिजापासून १७.७ अंश वर दिसणार, दोन मुठींपेक्षा जरा कमी. सांगलीत तो आणखी थोडा खाली. हे एकदा स्वतःच्या हातानं मोजून बघा, कारण हाच तुमचा पहिला व्हिडिओ होऊ शकतो, "ध्रुव बघून आपलं गाव पृथ्वीवर कुठं आहे ते मोजा". चाळीस सेकंदांत होतो, आणि शाळेतली पोरं दुसऱ्या दिवशी स्वतः करून बघतात.

याच महिन्यात तुमच्या जागेतल्या अडचणीपण कळतात. आमच्या शहराच्या दक्षिणेला अजिंक्यतारा उभा आहे. त्यामुळं किल्ल्याच्या अगदी पायथ्याच्या पेठांमध्ये राहणाऱ्यांना दक्षिणेचं खालचं आकाश दिसतच नाही. अगस्त्य तारा साताऱ्यातनं जास्तीत जास्त २० अंशांपर्यंतच वर येतो, त्रिशंकू या दक्षिणेकडच्या तारकासमूहाचा खालचा तारा तर ९ अंशच. मी सुरुवातीला उत्साहानं "आज त्रिशंकू बघा" असं टाकलं आणि पायथ्याच्या चिमणपुरा पेठेतनं तीन जणांनी लिहिलं की काहीच दिसत नाही. दिसणार कसं, मधे अख्खा डोंगर! आता मी पोस्टमध्ये स्वच्छ लिहितो की किल्ल्याच्या पायथ्याला असाल तर दक्षिणेकडचं उघडं क्षितिज शोधा.

पत्ता अंशात नको, डोंगरानं सांगा

"दिगंश २७०, उन्नतांश १५" असं लिहिलं की माणूस पुढं सरकलाच म्हणून समजा. आपल्याला दिशा डोंगरानं कळते. "संध्याकाळी साडेसातला यवतेश्वराच्या डोंगरावर जो एकटाच ठळक दिसतोय आणि लुकलुकत नाही तो शुक्र", असं लिहिलं की अख्ख्या शहराला कळतं. पश्चिमेला यवतेश्वर, दक्षिणेला अजिंक्यतारा, पूर्वेला जरंडेश्वर. पौर्णिमेचा चंद्र जरंडेश्वराच्या बाजूनं वर येतो आणि पुढं रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, एवढं एकदा सांगून ठेवलं की लोक स्वतः अंदाज बांधायला लागतात. बाहेरगावचे फॉलोअर असतील तर शेवटी एक ओळ घाला, "सूर्य मावळला त्या बाजूला तोंड करा, दीड मूठ वर". तुमच्या गावचे डोंगर, टाकी, टॉवर, मारुतीचं देऊळ जे काय असेल ते वापरा. पोस्ट दुपारी चार-पाच वाजेपर्यंत टाका. रात्री दहाला "आज साडेसातला दिसलं" हे सांगून काय उपयोग.

आणि एका पोस्टमध्ये एकच वस्तू. गुरू, शनी, कृत्तिका, उपग्रह सगळं एकात कोंबलं की कुणी काहीच शोधत नाही.

फोननं फोटो कसे काढायचे

लोकांना वाटतं महागडा कॅमेरा पाहिजे. नकोय. प्रो मोड (सेटिंग हातानं बदलता येतात तो) असलेला साधा फोन आणि एक ट्रायपॉड बास झाला, ट्रायपॉड नसेल तर गव्हाच्या छोट्या पिशवीवर फोन टेकवा, हलत नाही.

ताऱ्यांसाठी आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १६०० ते ३२००, शटर (किती वेळ उजेड आत घ्यायचा ते) १० ते १५ सेकंद, फोकस मॅन्युअल करून अनंतावर, आणि २ सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बटण दाबताना बसणारा हिसका फोटोत येत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते त्यामुळं शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की तारे ठिपक्याऐवजी रेघा दिसतात, फोनच्या साध्या लेन्सला साधारण २० सेकंदांच्या पुढं जाऊ नका. असे वीसेक फोटो काढून सिक्वेटर नाहीतर सिरिलमध्ये एकावर एक रचले की एका फोटोत न दिसणारं बरंच काही वर येतं. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीनंतर वृश्चिक आणि धनुकडचा आकाशगंगेचा पट्टा असाच मिळतो, पण त्याला शहराबाहेर जावं लागतं.

चंद्राचं उलटं आहे. चंद्र म्हणजे ऊन पडलेला दगड, त्याला दिवसाचंच सेटिंग लागतं, आयएसओ १०० आणि शटर १/२००. ऑटोवर सोडलं की नुसता पांढरा गोळा येतो. पौर्णिमेला खड्डे दिसत नाहीत कारण सावल्याच नसतात, चंद्र अर्धा असताना उजेड आणि अंधाराच्या सीमेवर बघा, तिथं खड्ड्यांच्या कडा अशा उठून दिसतात की हात लावावासा वाटतो.

काही घ्यायचंच असेल तर आधी १० बाय ५० चे (१० पट मोठं दाखवणारे, समोरचं भिंग ५० मिलीमीटरचं) बायनोक्युलर घ्या. ते कठड्यावर टेकवून धरले तर गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात, तेच चार जे गॅलिलिओनं १६१० साली पाहिले. टेलिस्कोपच्या खोक्यावर "५०० पट" वगैरे लिहिलेलं असतं त्याला भुलू नका, समोरच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये जितका त्याच्या दुप्पट, एवढंच मोठं करणं कामाचं असतं. ६० मिलीमीटरचा असेल तर १२० पट, त्यापुढं सगळं धूसर. फोन टेलिस्कोपला लावायला ॲडॅप्टर मिळतो, सुरुवातीला २५ मिलीमीटरची आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावा आणि चंद्रावरच सराव करा. ग्रहाचा फोटो काढायचा नाही, दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा आणि ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमधनं त्यातल्या चांगल्या फ्रेम्स एकत्र करायच्या. शनीचं सांगताना एक लक्षात ठेवा, मार्च २०२५ मध्ये कडी आपल्याला बरोबर कडेनं दिसत होती, म्हणजे जवळजवळ नव्हतीच, आणि तिथनं ती हळूहळू उघडत जातायत. दर थोड्या महिन्यांनी एक फोटो काढून ठेवला तर त्याचीच एक सुंदर मालिका होईल. आत्तापासून सुरू करा, मागचं परत मिळत नाही.

गोष्ट सांगा, पण आपल्या घरातली

माझा सगळ्यात जास्त पाठवला गेलेला व्हिडिओ टेलिस्कोपचा नाहीये. खटावात आमची वस्ती आहे, तिथं एप्रिलमध्ये रात्री जेवणं झाल्यावर आजी ओट्यावर बसली होती आणि समोर उत्तरेला सप्तर्षी चांगले वर आलेले. मी सहज विचारलं, आजी, हे काय गं? तिनं वरसुद्धा बघितलं नाही, म्हणाली, "म्हातारीचं बाजलं हाय ते. चार खूर दिसत्यात न्हवं? आन मागचं तीन चोर, बाजलं चोराय आल्यात. म्हातारी झोपंना, चोरांना बाजलं न्हेता येईना." मी फोन हळूच पालथ्या तांब्याला टेकवून ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. मागं रातकिडे, मधेच म्हशीच्या साखळीचा आवाज, आणि आजीचा आवाज. त्यावर फक्त सप्तर्षींचा एक फोटो लावला, रेघा ओढून बाजलं दाखवलं, आणि शेवटी सांगितलं की मधल्या चोराला एक बारीक चांदणी चिकटलेली आहे, ती अरुंधती, आणि चोर म्हणजे वसिष्ठ, लग्नात दाखवतात ती जोडी, दिसते का बघा. दोन दिवसांत कमेंटमध्ये माणपासून जतपर्यंतच्या आज्या आल्या. कुणाकडं बाजल्याऐवजी खाट होती, कुणाकडं चोरांची गोष्ट वेगळीच.

तेव्हापासून मी हेच धरून आहे. ग्रीक राजकन्यांच्या गोष्टी नंतर सांगू, आधी आपली नावं वापरा. मृग, रोहिणी, कृत्तिका, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा, ही नावं लोकांनी कॅलेंडरवर रोज बघितलेली असतात पण ती खरोखर आकाशात दिसतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि ते कळल्यावरचा चेहरा बघण्यासारखा असतो.

प्रकाशवर्ष, म्हणजे उजेड वर्षभरात जेवढं अंतर कापतो ते, समजावताना "९.४६ लाख कोटी किलोमीटर" हा आकडा सांगून बघा, समोरचा मान डोलवतो आणि विसरतो. मी वयावरनं सांगतो. व्याध ताऱ्याचा उजेड आपल्याकडं यायला साधारण ८.६ वर्षं लागतात, म्हणजे तिसरीतल्या पोरीला म्हणायचं की हा उजेड तुझ्या जन्माच्या आसपास निघालाय. श्रवण १७ वर्षं, अभिजित २५, स्वाती ३७, ब्रह्महृदय ४३, रोहिणी ६५, मघा ७९. "कमेंटमध्ये वय लिहा, तुमचा तारा सांगतो" अशी पोस्ट टाका आणि प्रत्येकाला उत्तर द्या, प्रत्येकाला म्हणजे प्रत्येकाला. पासष्टीच्या एका काकांना रोहिणी सांगितली, त्यांनी चार दिवसांनी लिहिलं की नातवाला दाखवली.

बोलायचं कसं, आवाज कसा घ्यायचा

घरात बोलतो तसंच. "खगोलीय पिंडांचे अवलोकन" असलं बोललात की बातम्या लावल्यासारखं वाटतं. पहिल्या तीन सेकंदांत कुठं आणि किती वाजता बघायचं ते सांगा, "नमस्कार मित्रांनो" नंतर. चित्र जरा काळपट आलं तरी लोक बघतात पण आवाज खराब असला की लगेच पुढं जातात, त्यामुळं फोनपासून लांब उभं राहून बोलू नका, वायरच्या इअरफोनचा माईक कॉलरला लावा आणि वारं असेल तर त्यावर स्पंजचा तुकडा बसवा. डोंगरावर काढलेले माझे पहिले कितीतरी व्हिडिओ नुसत्या घोंघावणाऱ्या वाऱ्याचे आहेत.

व्हॉट्सॲपला कमी समजू नका. युट्यूबवर मोठा व्हिडिओ राहतो, इन्स्टावर पोरं भेटतात, पण आपल्याकडं आई, मामा, शाळेतले शिक्षक सगळे व्हॉट्सॲपवर आहेत. म्हणून दर रविवारी मी एक साधा फोटो बनवतो, त्यात या आठवड्याच्या फक्त तीन ओळी, मोठ्या अक्षरात, आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येतील अशा. शिक्षक तोच शाळेच्या ग्रुपवर टाकतात.

लाईव्ह करायचं असेल तर

इथं घाई नडते. युट्यूबवर लाईव्ह पहिल्यांदा सुरू करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि मोबाईलवरनं लाईव्ह करायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. ग्रहणाच्या दिवशी संध्याकाळी हे कळलं तर रात्र गेलीच. आठवडाभर आधी चालू करून, कुणाला न सांगता पाच मिनिटांचं चाचणी लाईव्ह घेऊन बघा. लॅपटॉप असेल तर ओबीएस स्टुडिओ फुकट आहे, त्यात टेलिस्कोपचं चित्र, तुमचा चेहरा आणि घड्याळ एकत्र दाखवता येतं.

जागा ठरवताना रेंज आधी बघा. एका डिसेंबरला मिथुन उल्कावर्षाव दाखवायला आम्ही चौघंजण डोंगरावर गेलो, १३ डिसेंबरची रात्र, आकाश काचेसारखं, आणि लाईव्ह सुरू केल्यावर स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहिलं. घरी बसलेली दीडशे माणसं वाट बघत होती आणि आमच्या डोक्यावरनं उल्का जात होत्या. त्या रात्रीनंतर मी ठरवलं, रेंज नसलेल्या जागेवरनं लाईव्ह नाही, तिथं रेकॉर्ड करायचं आणि सकाळी घरनं टाकायचं. लाईव्ह फक्त गच्चीवरनं, शेजाऱ्यांचं वायफाय मागून घेऊन का होईना. आणि उल्कावर्षावाला "तासाला १५० उल्का" असलं कधी लिहू नका, तो आकडा एकदम काळ्याकुट्ट, आदर्श आकाशासाठीचा असतो, शहरातनं दहा-पंधरा दिसल्या तरी पुष्कळ, आणि माणसाला आधीच खरं सांगितलं असलं की दहा उल्कांनीपण तो खूश होतो.

७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण मी असंच गच्चीवरनं केलं. खग्रास भाग रात्री ११ ते १२ वाजून २२ मिनिटं, ८२ मिनिटांचा, आणि पावसाळा असल्यामुळं ढगांची सारखी ये-जा. ढग आले की लाईव्ह बंद करायचं नाही, तेव्हाच गप्पा मारायच्या. तांबडा रंग का, तर पृथ्वीच्या वातावरणातनं वाकून गेलेला उजेड चंद्रावर पडतो, म्हणजे त्या क्षणी जगातले सगळे सूर्योदय आणि सूर्यास्त एकदम चंद्रावर उमटलेले असतात. हे सांगत असताना ढगाला फट पडली आणि तांब्याच्या भांड्यासारखा चंद्र दिसला, कमेंटचा नुसता पाऊस. आईनं मधेच चहा आणून दिला तो मी कॅमेऱ्यासमोरच प्यायलो. एका ताईंनी विचारलं, "ग्रहणात चालतं का?" मी म्हणलं, ताई, सावली आहे, पृथ्वीची सावली, आपण रोज रात्री त्याच सावलीत जेवतो. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचे, त्यांच्या गावात हे न चिडता, शांतपणे सांगता आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सूर्यग्रहणाला मात्र गंमत नाही. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडं खंडग्रास ग्रहण आहे, ढगांनी सोडलं तर. आयएसओ १२३१२-२ प्रमाणित ग्रहणाचा चष्मा (हा आयएसओ म्हणजे मानक, कॅमेऱ्यातला नव्हे) सोडून काही चालत नाही, एक्स-रेची फिल्म नाही, काळी काच नाही, पाण्यातलं प्रतिबिंब नाही. बायनोक्युलर आणि टेलिस्कोपला सूर्याचा फिल्टर पुढच्या तोंडाला लागतो, तो नसेल तर सूर्याकडं वळवूच नका. सगळ्यात सोपं म्हणजे स्वयंपाकघरातली चाळणी उन्हात धरा, खाली फरशीवर शेकडो छोटे सूर्य पडतात, प्रत्येक खाल्लेला. हा व्हिडिओ ग्रहणाच्या आठवडाभर आधी टाका म्हणजे लोक चाळणी काढून ठेवतील.

खोटे फॉरवर्ड आणि अवघड कमेंट

दर ऑगस्टमध्ये "२७ ऑगस्टला मंगळ चंद्राएवढा दिसणार" हा मेसेज येतोच. त्याचं मूळ २००३ मध्ये आहे, त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ खरंच खूप जवळ आला होता, साधारण ५.५८ कोटी किलोमीटर, पण तेव्हाही तो डोळ्यांना ठिपकाच होता. दिवाळीला अंतराळातनं दिसणाऱ्या रंगीत भारताचा फोटो फिरतो, तो अनेक वर्षांच्या उजेडाच्या नोंदी वेगवेगळ्या रंगांत एकत्र करून बनवलेला नकाशा आहे, दिवाळीच्या रात्रीचा फोटो नाही. अशा फॉरवर्डला "खोटं आहे" एवढंच म्हणून सोडू नका, ते आलं कुठनं ते सांगा, लोकांना तेच जास्त आवडतं. पाठवणाऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडू नका, तो तुमचाच मामा असतो.

स्वतःचं चुकलं तर लगेच दुरुस्त करा. मी एकदा बोलण्याच्या ओघात ध्रुवाला सगळ्यात ठळक तारा म्हणून गेलो. एका निवृत्त शिक्षकांनी लिहिलं, "बाळा, ठळकपणात ध्रुव चाळिसाच्याही मागं आहे, सगळ्यात ठळक व्याध." मी त्यांची कमेंट वर पिन केली, पुढच्या व्हिडिओत त्यांचे आभार मानले, आणि तेव्हापासून प्रत्येक आकडा दोन ठिकाणी बघितल्याशिवाय टाकत नाही. नासाचे फोटो साधारणपणे मोफत वापरता येतात पण कुठनं घेतला ते लिहा, आणि दुसऱ्या हौशी पोराचा फोटो त्याला विचारल्याशिवाय अजिबात नको, त्यानं त्यासाठी थंडीत रात्र काढलेली असते.

ज्योतिषाचे प्रश्न येणारच. "शनी दिसतोय म्हणता, मग माझी साडेसाती कधी संपणार?" मी चेष्टा करत नाही, भविष्यपण सांगत नाही, गणित सांगतो. शनीला सूर्याभोवती फिरायला साधारण २९.५ वर्षं लागतात, राशी बारा, म्हणजे एका राशीत तो अडीच वर्षं, आणि तीन राशी म्हणजे साडेसात. हा आकडा आला तो शनीच्या संथ चालीतनं. "आज रात्री बघा तो कुठल्या ताऱ्याजवळ आहे, आणि सहा महिन्यांनी परत बघा किती सरकला." ज्याला भीती वाटत होती तो शनी बघायला बाहेर येतो, मला तेवढं पुष्कळ.

जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगायचे की पोस्टकार्डवर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. कमेंटला उत्तर देताना कंटाळा आला की मला ती पोस्टकार्डं आठवतात.

चार महिने पाऊस असतो, तेव्हा काय

जून ते सप्टेंबर आपल्याकडं आकाश मिळत नाही. तेव्हा नक्षत्रांवर बोला, शेतकऱ्यांइतका चांगला प्रेक्षक दुसरा नाही. ७ जूनच्या आसपास "मृग लागला" म्हणतात, म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात गेला, आणि म्हणूनच जूनमध्ये मृग दिसत नाही, तो सूर्यासोबत दिवसा उगवतो आणि मावळतो. तेच मृग डिसेंबरमध्ये संध्याकाळी पूर्वेला उगवताना दिसतं. सूर्याला २७ नक्षत्रं फिरायला वर्ष लागतं म्हणून एक नक्षत्र साधारण साडेतेरा दिवसांचं, पेरणीपासनं हस्ताच्या पावसापर्यंतचं सगळं गणित यात बसतं. हे एकदा समजलं की माणूस डिसेंबरची वाट बघतो.

आणि आकाश कुठं मिळेल तेपण सांगत जा. महाबळेश्वर, कासकडं ढग आणि धुकं जास्त, पूर्वेला माण-खटाव कोरडं, तिथं हिवाळ्यात ताऱ्यांची रात्र जास्त भरवशाची. कास जागतिक वारसा यादीतलं पठार आहे, रात्री जायच्या आधी वनखात्याला विचारा, आणि गाडीचे दिवे फुलांवर सोडून बसू नका. उसाच्या पट्ट्यात रात्री बिबट्याचा विचार करूनच जागा निवडा, एकट्यानं जाऊ नका, आणि तिथं असताना जागेचं नाव लाईव्हमध्ये सांगू नका. पोरांचे चेहरे दाखवायचे तर आईवडलांना आधी विचारा.

सगळ्यांनी मिळून करायचा एक उपक्रम

शून्य सावली. वर्षातनं दोनदा सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. मे महिन्यात ती दक्षिणेकडनं उत्तरेकडं सरकत येते, सांगलीत ७ मेच्या आसपास, कराडात ९ ला, साताऱ्यात १० ला, मग वाई आणि पुढं पुणे, एखादा दिवस इकडंतिकडं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परतीची फेरी असते पण तेव्हा ढग. वेळपण बारा नसते. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि सातारा ७४ वर आहे, त्यामुळं सूर्य आपल्याकडं सरासरी ३४ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, मे महिन्यात साडेबाराच्या सुमाराला.

करायचं काय, तर दक्षिणेपासून उत्तरेपर्यंतच्या पाचसहा गावांतले शिक्षक नाहीतर मित्र आधी जोडून घ्या, एक ग्रुप करा. प्रत्येक गावात सपाट फरशीवर स्टीलचा उभा पेला, १२ वाजून २० मिनिटांपासून दर पाच मिनिटांनी वरनं एक फोटो, १२:४० पर्यंत. पेला सरळ आहे का ते ओळंब्यानं बघा, गवंड्याकडं मिळतो. पेल्याशेजारी गावाचं नाव आणि वेळ लिहिलेली पाटी ठेवा. सावली दिसेनाशी झाली की तो फोटो तिथल्या तिथं ग्रुपवर टाका, संध्याकाळपर्यंत थांबू नका, कारण सांगलीच्या फोटोवरनं कराडची पोरं त्यांची फरशी आणि पेला आदल्या दिवशीच नीट लावून ठेवणार आहेत.